कॅमेऱ्याची वादी

ओझे कसे वाहावे याचे शास्त्र माणसाने ग्रंथ लिहिण्याच्या पुष्कळ आधी सिद्ध केले. विहिरीवरून दोन घागरी घेऊन येणारी बाई प्रथम डोक्यावर चुंबळ ठेवते आणि मग घागर. बाजारातला हमाल पोते पाठीवर घेण्यापूर्वी खांद्यावर रिकाम्या गोणपाटाची घडी टाकतो. ढोलकीवाला गळ्यातल्या दोरीखाली उपरण्याचे टोक सरकवतो. कावड नेणारा दर काही पावलांनी खांदा बदलतो, पण चाल मोडू देत नाही. या चौघांनाही कोणी पदार्थविज्ञान शिकविलेले नसते. परंतु वजन कमी करता येत नसेल तर निदान ते अंगावर पसरावे, एका जागी टोचू देऊ नये, हे तत्त्व त्यांच्या मानेला आणि खांद्याला ठाऊक असते. गळ्यात अडकविण्याच्या कॅमेऱ्याचा पट्टा हा याच कुळातला एक धाकटा वंशज होय. तो इतका क्षुल्लक मानला जातो की छायाचित्रणकलेच्या इतिहासात भिंगाला प्रकरण मिळते, फिल्मला प्रकरण मिळते, पट्ट्याला मात्र तळटीपही मिळत नाही. आणि तरीही माणसाने कोणती छायाचित्रे घेतली आणि कोणती घेतली नाहीत, याचा निर्णय कित्येकदा या पट्ट्यानेच केलेला आहे. हा इतिहास पाहावयाचा तर त्यासाठी लंडन किंवा पॅरिस येथे जाण्याचे कारण नाही. हुबळी-धारवाडच्या परिसरात तो जवळजवळ आरंभापासून पाहावयास मिळतो.

1855 साली मुंबई इलाख्याच्या सरकारने तोफखान्यातील एक अधिकारी कॅप्टन थॉमस बिग्ज यांची सरकारी छायाचित्रकार म्हणून नेमणूक केली. प्राचीन वास्तूंची चित्रे हाताने काढवून घेण्याचे काम महाग पडते, वेळ खाते आणि चित्रकाराच्या हाताप्रमाणे बदलते. त्यापेक्षा छायाचित्र स्वस्त आणि अधिक विश्वासार्ह, असे कंपनीच्या लंडनमधील संचालकांचे मत होते. बिग्ज यांनी विजापूर, बदामी, ऐहोळे असा मुलूख पालथा घातला. वर्षाच्या अखेरीस लष्कराने त्यांना परत बोलावून घेतले. त्यांच्या जागी मुंबईच्या वैद्यकीय सेवेतील डॉक्टर विल्यम पिगू यांची नेमणूक झाली. पिगू 1858 साली वारले. या दोघांच्या आणि ए. सी. बी. नील या तिसऱ्या छायाचित्रकाराच्या कामातून 1866 मध्ये लंडनच्या जॉन मरे या प्रकाशकाने धारवाड व म्हैसूर येथील वास्तुकलेवर एक भव्य ग्रंथ काढला. इतिहासाचा भाग कर्नल मेडोज टेलर यांनी लिहिला, वास्तूंविषयीची टिपणे जेम्स फर्ग्युसन यांनी. आपल्या प्रांतातील चालुक्य आणि होयसळ शिल्प जगाने छापील पानावर पाहिले, त्यात या ग्रंथाचा वाटा मोठा आहे.

त्या काळी या मुलुखात आगगाडी नव्हती. दक्षिण मराठा रेल्वे हुबळीत आली ती 1880 च्या दशकात, आणि हुबळीचा रेल्वे कारखानाही त्याच दशकातला. बिग्ज आणि पिगू यांचा प्रवास त्याच्या सुमारे तीस वर्षे आधीचा. म्हणजे वाट काळ्या मातीची, वाहन बैलगाडीचे आणि मोसम उन्हाळ्याचा किंवा हिवाळ्याचा, कारण पावसाळ्यात या काळ्या मातीत चाक आसापर्यंत रुतते. कॅमेरा म्हणजे लाकडाची भलीमोठी पेटी. ती मोठी असण्याचे कारण समजून घेतले पाहिजे. त्या वेळी लहान निगेटिव्हवरून मोठे चित्र काढण्याची सोय व्यवहारात नव्हती. निगेटिव्ह कागदाला चिकटवून उन्हात ठेवायची, म्हणजे जेवढी निगेटिव्ह तेवढेच चित्र. चित्र हातभर हवे तर निगेटिव्ह हातभर, आणि मग तिला सामावून घेणारी पेटीही त्या मापाची. 1856 साली मद्रासच्या सैन्यातील कॅप्टन अलेक्झांडर ग्रीनलॉ यांनी हम्पीच्या अवशेषांची जी छायाचित्रे घेतली, त्यांच्या मेण लावलेल्या कागदी निगेटिव्ह सुमारे 16 बाय 18 इंचांच्या आहेत. एवढ्या आकाराचे ताट जेवणाच्या पंगतीतसुद्धा मोठेच वाटेल. अशी पेटी गळ्यात अडकविण्याची कल्पना कोणाच्या स्वप्नातही येणे शक्य नव्हते.

बिग्ज यांनी कागदी निगेटिव्ह पसंत केल्या यामागे ओझ्याचा विचार काही थोडा नसावा. काचेवर ओले रसायन पसरून चित्र घेण्याची रीत 1851 मध्ये निघाली होती. तिच्यात रेषा अधिक स्वच्छ उमटत, परंतु काच ओली असतानाच चित्र घ्यावे लागे आणि लगेच अंधाऱ्या तंबूत नेऊन धुवावेही लागे. म्हणजे कॅमेऱ्याबरोबर काचा, रसायनांच्या बाटल्या, पाण्याची भांडी आणि अंधारा तंबू असा सगळा संसार चालला पाहिजे. उन्हात रसायन पाहता पाहता वाळते, ते निराळेच. कागद मात्र आधी तयार करून ठेवता येई, फुटत नसे आणि काचेच्या मानाने हलका असे. सॅम्युअल बोर्न हा इंग्रज छायाचित्रकार 1864 साली काचेचे सामान घेऊन काश्मीरकडे गेला, तेव्हा त्याच्याबरोबर चाळीसहून अधिक हमाल होते. एका माणसाने चित्र घ्यावे म्हणून चाळीस माणसांनी चालावे, असा तो हिशेब.

बिग्ज आणि पिगू यांचे सामान कोणी वाहिले? 1866 च्या ग्रंथात छायाचित्रकारांची नावे आहेत, लेखकांची आहेत. बैल हाकणाऱ्यांची, पेटी डोक्यावर घेऊन देवळाच्या पायऱ्या चढणाऱ्यांची, सावलीत बसून पाण्याची मडकी सांभाळणाऱ्यांची नावे ग्रंथाच्या शीर्षकपृष्ठावर नाहीत, आणि त्या काळी असण्याची पद्धतही नव्हती. त्या युगातील पुष्कळशा छायाचित्रांत एखाद्या नक्षीदार खांबाशेजारी फेटा बांधलेला एखादा माणूस स्तब्ध उभा केलेला दिसतो. तो तेथे खांबाची उंची कळावी म्हणून असतो. क्वचित असेही असेल की जो खांबापाशी उभा आहे त्यानेच सकाळी पेटी वाहून आणली. छायाचित्रणकलेच्या पहिल्या चाळीस-पन्नास वर्षांत कॅमेऱ्याच्या पट्ट्याचा विचार कोणी केला नाही याचे खरे कारण येथे सापडते. ज्याच्या खांद्यावर ओझे होते त्याच्या हाती कॅमेरा नव्हता, आणि ज्याच्या हाती कॅमेरा होता त्याच्या खांद्यावर ओझे नव्हते. हमालाने आपल्या डोक्यापुरती चुंबळ वळली, तेवढ्याने त्याचे भागले. कॅमेरा बनविणाऱ्या कारागिराने पेटीला पितळेच्या मुठी बसविल्या. त्या दुसऱ्याने उचलायच्या मुठी होत.

हा बदल घडला तो दोन शोधांनी. पहिला शोध कोरड्या काचेचा. 1871 साली रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टराने जिलेटिनच्या लेपाची युक्ती प्रसिद्ध केली, आणि पुढील दहा वर्षांत अंधारा तंबू छायाचित्रकाराच्या पाठीवरून उतरला. पुरातत्त्व खात्याच्या पश्चिम विभागाचे अधिकारी हेन्री कझेन्स यांनी कानडी जिल्ह्यांतील चालुक्य वास्तुकलेवर जो ग्रंथ लिहिला, तो 1926 मध्ये प्रसिद्ध झाला. लक्कुंडी, गदग, अण्णिगेरी, डंबळ येथील देवळे त्यात तपशिलाने आली आहेत. कझेन्स यांच्या पिढीला रेल्वेची सोय होती आणि रसायनांचा संसार मागे ठेवता येत होता. तिपाई आणि पेटी मात्र अजूनही माणूस लावूनच न्यावी लागे.

दुसरा शोध गुंडाळीच्या फिल्मचा. अमेरिकेत जॉर्ज ईस्टमन यांनी 1888 साली ‘कोडॅक’ नावाची एक लहानशी पेटी बाजारात आणली. किंमत 25 डॉलर, आत शंभर चित्रांची फिल्म भरलेली. आणि तिच्याबरोबर खांद्यावर अडकविण्याच्या पट्ट्याचे एक चामडी घर. हे घर त्या किमतीतच मिळे. सर्वसामान्य गिऱ्हाइकाने आपला कॅमेरा आपणच वाहावा, असे गृहीत धरून विकलेल्या आरंभीच्या कॅमेऱ्यांपैकी हा एक, आणि त्याला पट्टा होता. पट्टा कॅमेऱ्याला नव्हे, घराला होता. हा फरक पुढे सुमारे चाळीस वर्षे टिकला. कॅमेरा ही घरात ठेवण्याची वस्तू, आणि चित्र काढावयाचे तेव्हा ती घरातून बाहेर काढावयाची, ही समजूत तलवार आणि म्यान यांच्या नात्यासारखी होती. म्यानाला पट्टा असतो, तलवारीला नसतो.

ती समजूत मोडण्याचे श्रेय ज्याला द्यावयाचे तो माणूस शरीराने दुबळा होता, हे विशेष होय. जर्मनीतील वेट्झलार या गावी लाइट्झ यांच्या सूक्ष्मदर्शकांच्या कारखान्यात ऑस्कर बार्नाक नावाचा यंत्रज्ञ होता. त्याला दम्याचा विकार होता, आणि रानावनात हिंडून चित्रे काढण्याची हौसही होती. काचांचा जड कॅमेरा टेकडीवर नेताना त्याचा जीव मेटाकुटीस येई. निगेटिव्ह लहान घ्यावी आणि चित्र मागाहून मोठे करावे, म्हणजे ओझे वाचेल, या विचाराने त्याने 1913-14 च्या सुमारास सिनेमाची फिल्म वापरणारा एक मुठीएवढा कॅमेरा तयार केला. पहिल्या महायुद्धामुळे तो पेटीतच राहिला आणि 1925 मध्ये लाइपझिगच्या जत्रेत ‘लायका’ या नावाने जगापुढे आला. त्याचे वजन अर्ध्या किलोहून कमी होते. दमेकऱ्याच्या फुप्फुसांना झेपेल एवढे ओझे, हे त्या कॅमेऱ्याचे मूळ माप म्हटले तरी चालेल.

आणि तरीही त्या पहिल्या लायकाला पट्टा अडकविण्याच्या कड्या नव्हत्या! तो खिशात किंवा चामडी घरात राहावा अशीच अपेक्षा होती. अंगावरच कड्या बसवून कॅमेरा आला तो 1933 साली, लायकाच्या तिसऱ्या नमुन्यात. आठ वर्षांच्या अनुभवाने कारखानदाराला कळले की लोक हा कॅमेरा खिशात ठेवीत नाहीत, छातीवर वागवितात. घरातून काढून डोळ्यापर्यंत नेण्याएवढा अवकाश रस्त्यावरची घटना देत नाही. धातूच्या त्या दोन चिमुकल्या कड्यांनी कॅमेरा म्यानातून बाहेर काढला आणि माणसाच्या अंगावर दागिन्यासारखा चढविला. वर्तमानपत्री छायाचित्रणाचे युग त्यानंतर बहरले हा योगायोग नव्हे. त्याच सुमारास, 1929 पासून, दोन भिंगांचा ‘रोलायफ्लेक्स’ही प्रचारात आला होता. त्यात वरून खाली पाहावयाचे असते, म्हणून तो पोटाशी स्थिर लोंबता राहणे आवश्यक. तेथे गळ्यातील पट्टा ही सोय राहिली नाही, ती यंत्राचाच एक भाग झाली. पट्टा ताणून धरला की हात हलत नाही. आपल्या देशात होमाई व्यारावाला यांच्यासारख्या छायाचित्रकारांनी स्वातंत्र्याच्या काळातील प्रसंग टिपले, त्यात रोलायफ्लेक्सचा मोठा हिस्सा आहे.

सामान्य घरांत कॅमेरा शिरला तो मात्र बराच उशिरा आणि बऱ्याच स्वस्त रूपाने. बडोद्यात तयार होणारा आग्फा ‘क्लिक थ्री’ हा साठ-सत्तरच्या दशकांत मध्यमवर्गीय घराचा कॅमेरा होता. एका गुंडाळीत बारा चित्रे, हलके अंग, फारशी कटकट नाही. उणकल तलावाची सहल, नुग्गीकेरीचा मारुती, जोगचा धबधबा, लग्नाआधीचा आणि लग्नानंतरचा फोटो, असा त्याचा संसार असे. त्याच्यासाठी तपकिरी घर मिळे, आणि त्या घराला एक बोटभर रुंदीचा पट्टा. तो पट्टा दिवसभर गळ्यात राहिला की संध्याकाळी मानेवर लाल वळ दिसे. घरच्या वडील मंडळींनी त्याला रुमाल गुंडाळावा, हाच त्यावरचा उपाय. हमालाच्या खांद्यावरची गोणपाटाची घडी येथे रुमालाच्या रूपाने पुन्हा अवतरली.

त्या वळाचा हिशेब अगदी सोपा आहे. नऊशे ग्रॅमचा कॅमेरा एक सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्याने खांद्यावर टांगला, आणि पट्टा सुमारे पंधरा सेंटिमीटर लांबीपर्यंत अंगाला टेकला, तर पंधरा चौरस सेंटिमीटर जागेवर नऊशे ग्रॅम पडले. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साठ. हाच पट्टा चार सेंटिमीटर रुंद केला की भार पंधरावर येतो. परंतु येथे थोडे थांबावयास हवे. हा हिशेब पट्टा सर्वांगाने टेकला तरच खरा. माणसाचा खांदा हे काही सपाट फळकूट नव्हे. तो मानेकडून दंडाकडे उतरता आहे. रुंद आणि ताठ पट्टा त्या उतारावर संपूर्ण बसत नाही, त्याची एकच कड टेकते आणि चाकूच्या पात्यासारखी मानेच्या मुळाशी काचते. रुंदीचे सारे पुण्य त्या कडेपाशी वाया जाते. म्हणून नुसता रुंद पट्टा नव्हे, वळणारा पट्टा हवा. बाजारात हौसेने घेतलेले कित्येक भारदस्त पट्टे महिन्याभरात कपाटाच्या खुंटीवर जातात, त्याचे कारण बहुधा हेच.

लहान कॅमेऱ्याचे गणित तर आणखी निराळे. तीनशे ग्रॅमच्या कॅमेऱ्याला दीड सेंटिमीटरचा पट्टा लावला तरी त्याच हिशेबाने दर चौरस सेंटिमीटरला तेरा-चौदा ग्रॅमच पडतात. म्हणजे मोठ्या कॅमेऱ्याला चार सेंटिमीटर रुंद पट्टा जो आराम देतो, तो लहान कॅमेऱ्याला बोटभर पट्टा देतो. येथे रुंदी वाढविणे म्हणजे पोराच्या अंगात आजोबांचा कोट घालणे होय. पट्टाच कॅमेऱ्याहून जड होतो, खिशात मावत नाही, आणि घडी घालू गेले तर भिंगाभोवती वेटोळे घेऊन बसतो.

आता पट्टा कशाचा हा प्रश्न येतो, आणि येथे धारवाडचा मुलूख गप्प बसू शकत नाही. ज्या पादत्राणांना सारे जग कोल्हापुरी म्हणते, त्यांना 2019 साली भौगोलिक उपदर्शनाची जी मान्यता मिळाली, ती केवळ कोल्हापूरची नाही. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, बागलकोट, विजापूर, धारवाड अशा आठ जिल्ह्यांची ती सामाईक मिळकत आहे. 1956 साली राज्यांची सीमा आखली गेली, पण कातड्याने ती सीमा कधी मानली नाही. या भागात कातडे कमावले जाते ते चुना, बाभळीची साल आणि हिरडा यांनी. दिवसचे दिवस ते सालीच्या पाण्यात मुरते, चोळले जाते, वाळते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाश्चात्य देशांत क्रोमच्या क्षारांनी कातडे कमावण्याची झटपट रीत निघाली. ते कातडे मऊ असते आणि पाण्याला भीत नाही. सालीत मुरलेले कातडे मात्र प्रथम ताठ असते आणि वापरता वापरता अंगाचा आकार घेते. चपलेच्या बाबतीत हे सर्वांना ठाऊक आहे: पहिले पंधरा दिवस ती चावते, नंतर पायाची होते. पट्ट्याचेही तेच.

या कातड्यामागे एक जुनी आणि दाहक कथा या मुलुखात सांगितली जाते. बाराव्या शतकात बसवण्णांच्या अनुयायांत हरळय्या नावाचे चर्मकार शरण होते. बसवण्णांनी आपल्या नमस्काराला दुप्पट मानाने उत्तर दिले, त्या ऋणातून उतराई व्हावे म्हणून हरळय्या आणि त्यांच्या पत्नी कल्याणम्मा यांनी स्वतःच्या मांड्यांचे कातडे काढून त्यांच्यासाठी पादत्राणे केली, आणि बसवण्णांनी ती पायात न घालता मस्तकी धरली, अशी ती कथा. याच हरळय्यांच्या मुलाचा विवाह मधुवरस या ब्राह्मण शरणाच्या मुलीशी झाला, म्हणून दोघा पित्यांना देहान्ताची शिक्षा झाली आणि कल्याणची ती चळवळ रक्तात बुडाली, असे परंपरा सांगते. कातडे कमावणाऱ्याला गावाबाहेर ठेवावयाचे आणि त्याने केलेली वस्तू मात्र अंगावर मिरवावयाची, हा व्यवहार त्यानंतरही शतकानुशतके चालूच राहिला. मोटेचे कातडे त्याचे, बैलाच्या गळ्यातली वादी त्याची, तबल्याची पुडी त्याची, घोड्याचे खोगीर त्याचे. या यादीत कॅमेऱ्याची वादी अगदी शेवटी आली. 2025 साली इटलीतील एका प्रसिद्ध कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात याच घाटाची पादत्राणे मांडली, तेव्हा प्रारंभी ती कोठल्या परंपरेची आहेत याचा उल्लेखही नव्हता. ओरड झाल्यावर कंपनीने मूळ मान्य केले. शीर्षकपृष्ठावर नाव नसण्याची ही दुसरी तऱ्हा.

तथापि वादी घेणाऱ्याने कातड्याचे गुण पाहावेत तसे अवगुणही पाहावेत. धारवाड आणि हुबळी यांच्यात अंतर सुमारे वीस किलोमीटरचे, पण हवा दोन तऱ्हांची. धारवाड मलनाडच्या उंबरठ्यावर आहे. तेथे आषाढ-श्रावणात भिंतीलाही घाम फुटतो. त्या दिवसांत कपाटात बंद ठेवलेल्या कातडी पट्ट्यावर आठवड्याभरात पांढरी बुरशी धरते, आणि ती बुरशी पट्ट्यावर थांबत नाही, भिंगापर्यंत जाते. कॅमेऱ्याचे चामडी घर हे भिंगाचे घर नसून बुरशीचे घर आहे, हे पावसाळी मुलुखातील जाणकार म्हणतात ते खोटे नाही. हुबळीकडून नवलगुंदकडे उतरले की काळे, कोरडे रान लागते. तेथे वैशाखात तेच कातडे तडकू पाहते आणि त्याला तेलाचे बोट लावावे लागते. आणखी एक बारीकशी गोष्ट. बाभळीच्या सालीतील तुरट द्रव्याचा लोखंडाशी संयोग झाला की काळा रंग तयार होतो. जुन्या काळी शाई याच तत्त्वावर करीत. घामाने भिजलेल्या वादीला लोखंडी कडी असेल तर पांढऱ्या सदऱ्यावर काळा डाग उमटतो आणि तो परटाकडूनही जात नाही. अशा वादीला पितळेची कडी लावावी, हे जुन्या कारागिराला सांगावे लागत नाही.

सुताचा पट्टा या बाबतीत अधिक सोशीक. धारवाड हा कापसाचा जिल्हा. 1840 च्या दशकात येथे अमेरिकन कापसाची लागवड रुजविण्यात आली आणि ‘धारवाड-अमेरिकन’ हे नाव पुढे बाजारात प्रसिद्धीस आले. नवलगुंदची जमखाने विणण्याची कला आजही नावाजलेली आहे. राष्ट्रध्वजाचे खादीचे कापडही याच परिसराशी निगडित आहे. धारवाडजवळचे गरग आणि हुबळीतील बेंगेरी ही नावे त्यासाठी प्रसिद्ध आहेत. सुताची घट्ट विणलेली पट्टी म्हणजे आपल्या पलंगाची नवार. ती घाम पिते, सदऱ्यावरून घसरत नाही, मळली तर साबणाने धुता येते, आणि कडेलाही मऊ असते. तिचा दोष एवढाच की जेथे धातू घासतो तेथे ती झिजते, आणि झिजल्याचे पटकन लक्षात येत नाही. म्हणून टोकाला कातड्याचा तुकडा शिवून घेण्याची पद्धत पडली. सूत खांद्यावर आणि कातडे कडीपाशी, ही जोडी बरी.

नायलॉनचा जन्म 1930 च्या दशकातला. ते तुटत नाही, कुजत नाही, बुरशी धरीत नाही. त्याच्या पट्ट्या पॅराशूटला लागल्या, मोटारींत आसनांना लागल्या आणि अखेर कॅमेऱ्यालाही लागल्या. आज कॅमेऱ्याच्या खोक्यात जो पट्टा फुकट मिळतो तो बहुधा या कुळातला असतो, आणि त्यावर कंपनीचे नाव एवढ्या ठळक अक्षरांत असते की वाहणारा हा जाहिरातीचा हमालच होऊन जातो. त्याची कड टणक असते, घामात ती करवतीसारखी लागते, आणि गुळगुळीत असल्यामुळे एका खांद्यावर टांगला तर हळूहळू घसरत कोपरापर्यंत येतो. स्पंजासारख्या रबराची गादी लावलेले पट्टे नंतर निघाले. जड कॅमेऱ्याला ते सुखाचे खरे. पण चालताना कॅमेरा त्यावर बैलगाडीतल्या कंदिलासारखा वरखाली झुलतो, आणि उन्हाळ्यात त्या गादीखाली मान उकडून निघते.

सारांश काढण्यापेक्षा लहान कॅमेरा घेऊन सुभाष रोडवर किंवा दुर्गदबैलच्या बाजारात हिंडणाऱ्या माणसाचीच गोष्ट पाहावी. त्याने पट्टा मानेमागून समोर लोंबता न ठेवता एका खांद्यावरून छातीवर तिरपा, विरुद्ध कुशीला जाईल असा घातला, तर भार मानेच्या मणक्यावर न येता खांद्याच्या मांसल भागावर पडतो. टपालवाल्याची पिशवी नेहमी अशीच असे, आणि तो दिवसाला कोसच्या कोस चाले. मग लांबीचा प्रश्न. कॅमेरा कमरेच्या किंचित वर राहिला पाहिजे. त्याहून खाली गेला तर गर्दीत दुसऱ्याच्या कोपराला आणि जिना चढताना स्वतःच्या गुडघ्याला लागतो. त्याहून वर राहिला तर डोळ्यापर्यंत नेताना पट्टा काखेत अडकतो. साधारण उंचीच्या माणसाला सुमारे 120 सेंटिमीटर पुरतात, पण थंडीत लोकरीचा कोट चढला की त्यात चार बोटे वाढवावी लागतात. म्हणून लांबी बदलता येणे हे मऊपणाइतकेच महत्त्वाचे. कडी किल्ल्यांच्या जुडग्याला असते तशी दुहेरी असेल तर ती कॅमेऱ्याच्या अंगावर ओरखडे काढते. तिच्यामागे कातड्याची लहान चकती असावी. आणि ज्याचा कॅमेरा मुळातच खिशात जाण्याजोगा आहे, त्याने खांद्याचा मोह सोडून मनगटातली दोरी घ्यावी हे उत्तम. तिचे काम वजन वाहण्याचे नाहीच. हात चुकला तर कॅमेरा जमिनीवर पडू न देणे, एवढेच.

उणकलला चंद्रमौळेश्वराचे चालुक्यकालीन देऊळ आहे. शहर वाढता वाढता त्याच्या भोवतीपर्यंत आले. आज तेथे येणारे बहुतेक लोक भ्रमणध्वनीनेच चित्र काढतात. त्या यंत्राला पट्ट्याची कडी नसते, म्हणजे इतिहास पुन्हा 1925 च्या लायकापाशी येऊन थांबला होता. आणि अलीकडे पाहावे तो तरुण मुलेमुली भ्रमणध्वनीच्या आवरणाला दोरी बांधून तो छातीवर तिरपा अडकवू लागली आहेत. लहान कॅमेरा गळ्यात घालून येणारेही अधूनमधून दिसतात. बाजारच्या कोपऱ्यावर रापी, आरी आणि मेण लावलेला दोरा घेऊन बसलेल्या कारागिराकडे असा कोणी वादी आखूड करावयास आला, तर तो आधी कॅमेरा हातात घेऊन त्याचे वजन पाहतो. मग वादी गिऱ्हाइकाच्या अंगावर तिरपी घालतो, अंगठ्याने एक जागा दाबून धरतो आणि आरीने भोक पाडतो. गिऱ्हाईक कॅमेरा दोनदा डोळ्यापर्यंत नेऊन पाहते, खांदा हलवून पाहते, आणि मग म्हणते की आणखी एक भोक अर्ध्या इंचावर पाडून ठेवा, थंडीत लागेल.